घरी बांधलेल्या एलएम३८८६ ॲम्पमध्ये हमिंग : कपॅसिटर वाढवू का?

मुलुंड_पूर्व

नमस्कार मंडळी. एलएम३८८६ या ऑडिओ ॲम्प्लिफायरच्या दोन चिपवर स्टिरिओ ॲम्प बांधून झालाय. आवाज स्वच्छ येतो, हीटसिंकही बेताचाच तापतो, पण हमिंग (स्पीकरमधली सततची भुणभुण) काही जात नाही. तपशील सगळा देतो.

ट्रान्सफॉर्मर १८-०-१८, ५ अँपिअर, साधा ईआय कोअरचा, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला. ३५ अँपिअरचा चौकोनी ब्रिज (एसीचा डीसी करणारा चार डायोडचा संच). प्रत्येक रेलला (प्लस आणि मायनस डीसी पुरवठ्याला) १०,००० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा एकेक कपॅसिटर. सिग्नल नसताना रेल अधिक-उणे २६.५ व्होल्ट. बोर्ड डेटाशीटच्या सर्किटप्रमाणे : फीडबॅकला २० के आणि १ के, खाली २२ मायक्रोफॅरड, म्हणजे गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) २१. चिपच्या पायांजवळ ०.१ सिरॅमिक आणि ४७० मायक्रोफॅरड. व्हॉल्यूम १० के लॉग. स्पीकर ८ ओहमचे. आउटपुटवर डीसी डावीकडे ६ मिलिव्होल्ट, उजवीकडे ९.

ग्राउंड असं आहे : दोन मोठ्या कपॅसिटरना जोडणारी १० सेंटिमीटरची तार, १ चौरस मिमीची. ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप (मधली, शून्याची तार) तिच्या एका टोकाला. डाव्या बोर्डाचं ग्राउंड एका कपॅसिटरच्या पायावरून, उजव्याचं दुसऱ्याच्या पायावरून. स्पीकरचे निगेटिव्ह जो पाय जवळ पडला त्यावर. इनपुटचे आरसीए सॉकेट थेट पत्र्याच्या पॅनेलवर कसलेले. कॅबिनेट लोखंडी, कॉर्ड तीन पिनची.

व्हॉल्यूम शून्यावर असला तरी तीन फुटांवरून भुणभुण ऐकू येते. स्पीकर टर्मिनलवर एसी १४ मिलिव्होल्ट, दोन्ही चॅनेलला जवळपास सारखंच. चार्जरवर असलेला लॅपटॉप जोडला की ३५. रेलला आणखी १०,००० चे कपॅसिटर लावले तर फरक पडेल का? आणि चालू करताना स्पीकरमधून ‘धप्प’ असा आवाज येतो, त्याचं काय करावं?

ओहमकार

कपॅसिटर वाढवू नका. रेलवरचा रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) हे तुमचं दुखणंच नाही. सिग्नल नसताना दोन्ही चिप मिळून १०० मिलिअँपिअरच्या आसपास खेचतात. १०,००० मायक्रोफॅरडवर एवढ्या करंटला रिपल होतो ०.१ व्होल्ट, आणि हमच्या फ्रिक्वेन्सीला ही चिप तो सहज गिळते. उलट कपॅसिटर वाढवला की ब्रिजमधून जाणारे चार्जिंगचे झटके आणखी अरुंद आणि उंच होतात. ग्राउंडची तार चुकीच्या जागी असेल तर हमिंग त्याने वाढेलच.

आधी आवाज कुठला ते ओळखा. मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं ॲप घ्या आणि फोन वूफरच्या तोंडाशी धरा. ५० हर्ट्झचा उंच खांब दिसला तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा अर्थ लूप. १०० आणि पुढे २००, ३०० असे खांब दिसले तर चार्जिंग करंट ग्राउंडमध्ये शिरतोय. कानावर पूर्ण भरवसा ठेवू नका, कारण लहान स्पीकर ५० हर्ट्झ जवळजवळ वाजवतच नाही.

मग आरसीएचा एक जुना प्लग घेऊन त्याची आतली पिन आणि बाहेरची कडी झाळून एकत्र करा, म्हणजे शॉर्टिंग प्लग झाला. असे दोन करून दोन्ही इनपुटला लावा आणि मीटर बघा. १४ तसाच राहिला तर दोष कॅबिनेटच्या आत आहे. खाली आला तर बाहेरच्या वायरीत किंवा सोर्समध्ये. मीटरला एसी मिलिव्होल्टची रेंज लागते, हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो. ज्या स्वस्त मीटरची एसी रेंज २०० व्होल्टपासून सुरू होते त्यावर यातलं काहीच दिसत नाही.

तुमचं वर्णन वाचून मला जवळजवळ खात्री आहे की मुख्य दोष त्या १० सेंटिमीटरच्या तारेत आहे. १ चौरस मिमी तांब्याची १० सेंटिमीटर तार म्हणजे १.७ मिलिओहम. मीटरला ती शून्य वाटते. पण सेंटर टॅप एका टोकाला असल्यामुळे लांबच्या कपॅसिटरचा सगळा चार्जिंग करंट तिच्यातूनच जातो, आणि ब्रिज सेकंदाला १०० वेळा थोडाच वेळ उघडत असल्याने तो झटक्यांनी जातो. ॲम्प वाजत असताना ८ अँपिअरचा झटका काही मोठा नव्हे. ८ गुणिले १.७ म्हणजे तारेच्या दोन टोकांत १४ मिलिव्होल्ट. आता तुमच्या दोन बोर्डांची ग्राउंड या तारेच्या दोन वेगळ्या टोकांना आहेत आणि व्हॉल्यूम पॉटवर दोन्ही चॅनेलचं सिग्नल ग्राउंड एकत्र येतं. म्हणजे हे १४ मिलिव्होल्ट इनपुटच्या ग्राउंडमध्ये शिरायला वाट मोकळी. ते पूर्ण शिरले तर २१ च्या गेनने आउटपुटवर २९० मिलिव्होल्ट होतील. सिग्नल नसताना झटका लहान असतो आणि त्याचाही एक भागच शिरतो, म्हणून तुम्हाला १४ दिसतायत.

जोडणी अशी बदला. दोन कपॅसिटर शेजारी शेजारी आणा. एकाचा मायनस आणि दुसऱ्याचा प्लस तांब्याच्या जाड पट्टीने किंवा २.५ चौरस मिमीच्या तारेने जोडा, लांबी ठेवता येईल तितकी कमी. सेंटर टॅप या जोडाच्या बरोबर मध्यावर. हा झाला बिंदू ‘अ’. ‘अ’वर याशिवाय दुसरी एकही तार नको. तिथून २.५ चौरस मिमीची एकच तार ४-५ सेंटिमीटरवरच्या बिंदू ‘ब’कडे न्या. पितळी बोल्टवर लग लावले तरी चालेल, फक्त बोल्ट चासिसपासून इन्सुलेट असला पाहिजे. दोन्ही स्पीकरचे निगेटिव्ह आणि दोन्ही बोर्डांचं पॉवर ग्राउंड, प्रत्येकाची वेगळी तार, ‘ब’वर. चार्जिंगचे झटके ‘अ’च्या अलीकडेच फिरतात, ‘अ’ ते ‘ब’ या तारेत ते शिरत नाहीत.

बोर्डावर सिग्नल ग्राउंड आणि पॉवर ग्राउंड वेगळी करता आली तर करा आणि मध्ये १० ओहमचा पाव वॉट रेझिस्टर टाका. सिग्नल ग्राउंडवर तीनच गोष्टी हव्यात : इनपुट केबलची जाळी, पिन १० चा बायस रेझिस्टर आणि फीडबॅकच्या २२ मायक्रोफॅरडचा खालचा पाय. आउटपुटवरचं २.७ ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचं झोबेल (चिप स्थिर ठेवणारी जोडी) पॉवर ग्राउंडला जाऊ द्या.

तारजोडणी

ओहमकार यांच्या निदानाशी मी सहमत आहे. लॅपटॉपने वाढणारे २१ मिलिव्होल्ट मात्र वेगळा विषय आहे, त्यावर लिहितो.

लॅपटॉपचा चार्जर तीन पिनचा असेल तर त्याच्या ऑडिओ जॅकचं ग्राउंड बहुतेक वेळा घराच्या अर्थला जोडलेलं असतं. तुमचं आरसीए पत्र्यावर, पत्रा अर्थला. एकाच अर्थला दोन वाटांनी जोडलं की लूप झाला, आणि त्यातला करंट नेमका ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहतो. चार्जर दोन पिनचा असेल तर अर्थ लूप नाही, पण आतल्या वाय-कपॅसिटरमधून (मेन्स आणि आउटपुट यांच्यामधला छोटा कपॅसिटर) गळणारा करंट त्याच जाळीतून ॲम्पच्या अर्थकडे जातो. तपासायला चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. हम गेला तर हेच कारण.

पहिला उपाय फुकटचा आहे. आरसीए सॉकेट प्लास्टिकचे वॉशर घालून पत्र्यापासून सोडवा. दोन्ही बाजूंनी वॉशर हवेत आणि भोकात प्लास्टिकची बाहीही हवी, नाहीतर आटे पत्र्याला टेकतात. केबल टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडणार असाल तर तिथे दुसरा लूप तयार होतो. इमारतीच्या गच्चीवरून येणाऱ्या कोॲक्सची जाळी तुमच्या घराच्या अर्थपेक्षा वेगळ्या पोटेन्शियलवर असू शकते. बॉक्स आणि ॲम्प यांच्यामध्ये १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला की तो लूप तुटतो.

एक गोष्ट मात्र कोणीही करू नये : हम घालवण्यासाठी तिसरी पिन काढणं. हम नक्की जातो, म्हणूनच हा सल्ला इतका पसरलाय. पण उद्या ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी इन्सुलेशन फाटलं तर तो लोखंडी डबा २३० व्होल्टवर जाईल आणि फ्यूज उडणार नाही. चासिसला अर्थची हिरवी तार स्वतंत्र बोल्टने, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून कसा. त्या बोल्टवर दुसरं काही कसू नका.

आणि आपल्याकडे सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे मागे अर्थ आहे असं धरून चालत नाही. जुन्या इमारतींत आणि चाळींत वायरिंग मुळात दोन तारांचं, नंतर सॉकेट तेवढे तीन पिनचे बदललेले, असं सर्रास सापडतं. फेज ते अर्थ साधारण २३० आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत दिसलं पाहिजे. डिजिटल मीटर तुटक्या तारेवरही खोटं व्होल्टेज दाखवतो, तेव्हा शंका असेल तर परवानाधारक वायरमनकडून लोडवर तपासून घ्या. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र करून ‘अर्थिंग’ देणारे भेटतात, त्यांना नाही म्हणा. पुढे कुठे न्यूट्रल तुटला की घरातली प्रत्येक धातूची बॉडी फेजवर येते.

वाइंडिंगवाला

दोघांनी ग्राउंडचं लिहिलंय, मी ट्रान्सफॉर्मरपुरतं बोलतो.

पहिल्यांदा तो खरोखर ५ अँपिअरचा आहे का बघा. १८-०-१८ गुणिले ५ म्हणजे १८० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर). एवढ्या ईआय ट्रान्सफॉर्मरचं वजन अडीच किलोच्या आसपास भरायला हवं. दीड किलोचा असेल तर वर ५ अँपिअर लिहिलेलं असलं तरी तो तितका नाही. वाइंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं, ते सेकंडरीच्या टोकाचं इनॅमल ब्लेडने खरवडून कळतं, आत पांढरं निघालं की ॲल्युमिनियम. तुमचा वापर ८ ओहमवर दोन्ही चॅनेलला तीसेक वॉटचा, त्याला १५०-१८० व्हीए पुरे. पण पुढे ४ ओहमचे स्पीकर लावायचा विचार असेल तर आजच सांगतो, चिपमागे उष्णता दुप्पट होते. २५ व्होल्टच्या रेलवर ८ ओहमला एका चिपची सर्वांत वाईट स्थिती १८ वॉट उष्णतेची, ४ ओहमला ३४. आपल्याकडे मे महिन्यात बंद कॅबिनेटमधली हवा ४५ अंशांवर सहज जाते. त्या हिशेबाने दोन्ही चिपना मिळून ८ ओहमसाठी १.३ अंश प्रतिवॉटचा हीटसिंक हवा. ४ ओहमला तो तोकडा पडेल.

तुमची चिप शेवटी फक्त ‘टी’ असलेली असेल, ‘टीएफ’ नसेल, तर मागची धातूची पट्टी थेट मायनस रेलवर असते. अभ्रकाचा तुकडा, दोन्ही बाजूंना पातळ पेस्ट आणि स्क्रूला इन्सुलेटिंग बुश, यातलं काहीही राहिलं तर हीटसिंक उणे २६ व्होल्टवर जातो. सगळं कसल्यावर पट्टी आणि हीटसिंक यांच्यात ओहम रेंजवर मोजा, ओपन दिसलं पाहिजे.

आता हम. ईआय कोअरच्या भोवती चुंबकीय क्षेत्र बरंच गळतं, आणि ते सगळ्या दिशांना सारखं नसतं. बोर्ड पक्का कसलेला ठेवून ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सोडा, इनपुटला शॉर्टिंग प्लग लावा, टर्मिनलवर मीटर ठेवा आणि ट्रान्सफॉर्मर जागच्या जागी ९० अंशांत फिरवून बघा. प्रायमरीची टोकं स्लीव्हने पूर्ण झाकलेली असल्याशिवाय हे करू नका, आणि फिरवताना दरवेळी भिंतीतला प्लग बाहेर काढा. एका स्थितीत आकडा ठळकपणे पडतो, तिथे कसून टाका. बोर्डापासून १५ सेंटिमीटर अंतर मिळालं तर उत्तम. नवा ट्रान्सफॉर्मर करून घेणार असाल तर वाइंडरला दोन गोष्टी सांगा : प्रायमरी-सेकंडरीमध्ये तांब्याच्या पत्र्याचा स्क्रीन, त्याची टोकं एकमेकांना न जोडता, आणि बाहेरून कोअर-वाइंडिंगला वळसा घालणारी तांब्याची पट्टी, तिची टोकं मात्र झाळून जोडलेली. या दोन्हींत उलटापालट झाली तर आतला स्क्रीन म्हणजे शॉर्ट झालेला वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.

कुठलीही तार बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना प्रायमरीत ६० वॉटचा तंतूचा बल्ब सिरीजमध्ये घ्या. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब चमकतो आणि मग मंदावतो. चमकतच राहिला तर ताबडतोब बंद करा, आत कुठेतरी शॉर्ट आहे.

मुलुंड_पूर्व

तिघांचे मनापासून आभार. आकडे देतो.

शॉर्टिंग प्लग लावून १४ तसाच राहिला, ॲपवर १०० आणि ३०० चे खांब. ओहमकार यांच्या ‘अ’ आणि ‘ब’प्रमाणे जोडणी बदलली, बोर्डावर ट्रॅक कापून १० ओहम टाकला, आरसीए पत्र्यापासून सोडवले. आता डावीकडे ०.४, उजवीकडे १.१ मिलिव्होल्ट. उजवीकडच्यात फक्त ५० हर्ट्झ दिसतंय, तो बोर्ड ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा आहे. फेज-अर्थ २२८, न्यूट्रल-अर्थ १.८, वायरमनने लोडवरही तपासून दिलं.

लॅपटॉप चार्जरवर असताना अजून ९ येतात, बॅटरीवर शून्य फरक. चार्जर तीन पिनचा आहे. आता बिंदू ‘ब’ चासिसला जोडलेलाच नाही, तो तसाच तरंगत ठेवला तर चालेल का? आणि ‘धप्प’ अजून आहे.

ओहमकार

तरंगत ठेवू नका. सेकंडरीत कधी फेज शिरला तर स्पीकरच्या टर्मिनलवर आणि आरसीएच्या कडीवर २३० येईल. शिवाय लॅपटॉप जोडल्यावर ९ मिलिव्होल्ट दिसतायत याचा अर्थ कुठेतरी अजून चासिसशी संपर्क आहे, बहुतेक पॉटच्या बॉडीतून किंवा हेडफोन जॅक लावला असेल तर त्यातून. तो आधी शोधा.

मग ‘ब’ ते चासिस यांच्यामध्ये लूप ब्रेकर घाला. तीन वस्तू समांतर : १० ओहम ५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचा २७५ व्होल्ट एक्स-टू कपॅसिटर आणि ३५ अँपिअरचा आणखी एक ब्रिज. ब्रिजचे प्लस आणि मायनस एकमेकांना जोडायचे, आणि त्याचे दोन एसी पाय हीच त्याची दोन टोकं. पुष्कळ जण उलट करतात, एसी पाय एकत्र आणि प्लस-मायनस टोकं म्हणून. त्या जोडणीत तो एकाच दिशेने चालतो, म्हणजे बिघाडात अर्धंच संरक्षण. नीट जोडला तर लूपच्या मिलिव्होल्टना १० ओहमचा अडसर दिसतो, आणि बिघाड झाला की ब्रिज दीड-दोन व्होल्टवर उघडून सगळा करंट अर्थला नेतो. प्रायमरीतला १.६ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज मग आपलं काम करतो. चासिस ते अर्थ पिन ही हिरवी तार मात्र थेटच राहील. तिच्यात काहीही घालायचं नाही.

उजव्या बोर्डाच्या १.१ साठी वाइंडिंगवाल्यांनी सांगितलेलं फिरवणं पुरेल. इनपुटच्या दोन्ही शील्डेड केबल एकमेकींना चिकटून, ट्रान्सफॉर्मरच्या विरुद्ध भिंतीवरून न्या. दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेतच क्षेत्र शिरतं. बोर्डाकडे जाणाऱ्या प्लस, मायनस आणि ग्राउंडच्या तारांनाही पीळ द्या.

‘धप्प’साठी पिन ८. ही म्यूटची पिन आहे आणि तिच्यातून मायनस रेलकडे किमान अर्धा मिलिअँपिअर वाहिल्याशिवाय चिप म्यूटच राहते, हा तिचा गुण वापरायचा. पिन ८ पासून १० के, तिथून पुढे आणखी १० के मायनस रेलला, आणि दोघांच्या मधल्या जोडापासून ग्राउंडला इलेक्ट्रोलिटिक. तुमच्या रेलवर शेवटी १.२ मिलिअँपिअर वाहतो, म्हणजे भरपूर. १०० मायक्रोफॅरडने साधारण पाव ते अर्धा सेकंद उशीर मिळतो, २२० ने पाऊण सेकंदाच्या वर. २२० च घ्या, ३५ व्होल्टचा. तो जोड मायनसमध्ये जातो, म्हणून कपॅसिटरचा प्लस ग्राउंडकडे. दोन्ही चिपना वेगळा संच द्या.

तारजोडणी

फक्त एक जोडतो. लूप ब्रेकर बसवून झाल्यावर, प्लग भिंतीतून काढून आणि मोठे कपॅसिटर रिकामे झाल्यावर दोन मोजमापं घ्या. प्रत्येक रेलला २.२ के, १ वॉटचा ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) लावला असेल तर मिनिटाभरात दीड-दोन व्होल्टवर येतात. लावला नसेल तर आता लावा. चासिस ते प्लगची अर्थ पिन : मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा जाता जवळजवळ शून्य. आरसीएची कडी ते चासिस : बोर्डांवरचे दोन १० ओहम तिथे समांतर येतात, म्हणून १५ च्या आसपास. यापेक्षा बरंच कमी, एखाद ओहम दिसला, तर एखादा सॉकेट किंवा पॉटची बॉडी अजून पत्र्याला टेकतेय. एकेक नट सैल करत जा, ज्यावर आकडा १५ वर उडी मारेल तो दोषी.